जाड शेवयांचं भांडण

आमच्या गल्लीत हिंदू आणि मुसलमान वेगळे झाले ते माझ्या शेवया जाड व्हायच्या म्हणून. हे सांगायला लागले की लेक मला गप्प करते. म्हणते, "आई, असल्या गोष्टींना मोठी कारणं असतात." असतील बाई. मोठ्या शहरांत मोठी असतील. शिरूरच्या आमच्या गल्लीतलं कारण सुतळीएवढं होतं आणि माझ्या हातचं होतं. मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?

तेव्हा मी पस्तिशीची होते. आता मागे वळून त्या बाईकडे बघते तेव्हा तिला 'मी' म्हणायची लाज वाटते, म्हणून मनात तिला 'बया' म्हणते. बया मोठी ठसक्याची. पदर खोचून अशी चालायची की जणू नगरपालिकेनं गल्ली तिच्या नावावर केली आहे. थोरली सून, हाताखाली धाकटी जाऊ, पदरात दोन पोरं; आणखी काय हवं होतं? हवं होतं एकच. सासूबाईंनी एकदा तरी चार बायकांत म्हणावं, आमच्या सुनेच्या हाताला चव आहे. सासूबाई ते म्हणायच्या, पण शेजारच्या भाभीबद्दल.

भाभी म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या मुसलमान घरातली धाकटी सून. तिचा नवरा एसटीत कंडक्टर. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, सावळी, हळू बोलणारी. सासूबाईंना ती 'आई' म्हणायची आणि मला 'वहिनी'. मी मात्र सासूबाईंना 'आत्याबाई' म्हणायची, रीतीप्रमाणे. तिच्या तोंडचं ते 'आई' ऐकलं की मला ठसका लागायचा. परक्या बाईनं आई म्हणायचं आणि घरच्या सुनेनं आत्याबाई!

आणि तिच्या शेवया. देवा रे, त्या शेवया.

ज्यांनी शेवया फक्त पाकिटातल्या बघितल्या त्यांच्यासाठी सांगते. बारीक खाचा पाडलेला लाकडी पाट खाटेच्या कडेला तिरका टेकवायचा. एकीनं खाटेवर बसून तिंबलेल्या कणकेची लोळी पाटावर तळव्यानं घासत खाली सोडायची. खाली बसलेलीनं ती तार अलगद ओढत लांबवायची, हातावर वेढे घ्यायचे आणि तुरकाठीवर वाळत टाकायची. वरचीचा हात एकसारखा पडला तरच तार बारीक येते. म्हणून वरची जागा मानाची आणि खालची राबणारीची. आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी शेवया असोत, वर भाभी बसायची. आमच्या घरी खाली मी.

कधीमधी तिचा हात दुखला की मला वर बसवायचे. मग सासूबाई दोन्ही तारा उन्हात धरून बघायच्या.

"ही भाभीची बघा, सुईत ओवावी. आन् ही आमच्या सूनबाईची. हिनं म्हैस बांधली तर म्हैस जायची न्हाई कुठं."

बायका खो खो हसायच्या. भाभी हसायची नाही. हसू ओठात दाबून कणकेकडे बघायची. त्या दाबलेल्या हसण्यानं माझी रात्रीची झोप जायची. हसणारणींना मी विसरून जायची, न हसणारी लक्षात राहायची.

लग्नाच्या शेवयांना मुहूर्त असायचा. पाच सवाष्णी बसवायच्या, त्यांना हळदकुंकू लावायचं, मग पहिली तार सोडायची. त्या पाचांत भाभी असायचीच. आता ती कुंकू लावत नाही, मग काय करायचं? यावर सासूबाईंनी आणि तिनं कधी काळी काही बोलून ठरवलं होतं की आपोआप घडलं, मला माहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा रीत पडलेलीच होती. चौघींच्या कपाळाला कुंकू लागायचं, आणि भाभीच्या पुढ्यात आल्या की सासूबाई वाकून तिच्या पाटाला बोट टेकवायच्या. भाभी तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणायची आणि कणकेला हात घालायची. झालं. कुणी कुणाला काही विचारत नसे.

तशीच ईदेची रीत. सासूबाई माळकरी. दुसऱ्याच्या चुलीवरचं त्या खात नसत. माझ्या माहेरी आल्या तरी केळं खाऊन परत यायच्या. म्हणून ईदेच्या सकाळी भाभीकडून कोरडा शिधा यायचा: शेवया, साखर, खारका, चारोळी आणि तांब्याभर दूध. सासूबाई आमच्या चुलीवर खीर करायच्या, पहिली वाटी देवापुढे ठेवायच्या आणि दुसरी स्वतः भिंतीला टेकून खायच्या. डोळे मिटून. मी केलेलं काही त्यांनी कधी डोळे मिटून खाल्लं नव्हतं.

मग नणंदेचं लग्न ठरलं. स्थळ दौंडचं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती, आणि त्याआधीच्या हिवाळ्यात लांबच्या शहरांतून वाईट बातम्या आल्या होत्या. आमच्याकडे काही झालं नव्हतं, पण चौकातल्या टपरीवर माणसं आवाज खाली आणून बोलायला लागली होती. 'आपल्यातलं' आणि 'त्यांच्यातलं' हे शब्द आमच्याकडे आधीही होते, पण ते खाण्यापिण्याला नि सणावाराला लावायचे. आता ते माणसांना लागायला लागले. बयेला त्यात काडीचा रस नव्हता. तरी तिनं ते शब्द उचलून ठेवले. रस्त्यात किल्ली सापडली की आपण ठेवतो ना? कुलूप कुठलं ते माहीत नसतं, पण असू दे म्हणतो.

रुखवताच्या शेवयांचा दिवस ठरला. मी गृहीतच धरलं होतं की थोरली भावजय म्हणून मुहूर्ताला वर मी बसणार. दोन दिवस आधी चोरून सरावसुद्धा केला, परसात, कोंबड्यांच्या साक्षीनं. आदल्या संध्याकाळी सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "उद्या वर भाभी बसंल. तू खाली बस, तार लय ओढू नको."

मी मेथीच्या जुडीचे देठ काढता काढता पानंच फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बायका जमल्या. दौंडहून नणंदेच्या होणाऱ्या सासरच्या दोघी आल्या होत्या, एक सासू आणि एक चुलतसासू, काठापदराच्या साड्या नेसून, डोळ्यांनी घर मोजत. भाभीनं माहेरचा आपला पाट आणला, खाटेला टेकवला. सासूबाईंनी कुंकवाचा करंडा घेतला. एक झाली, दोन झाल्या, चार झाल्या. मग त्या भाभीपाशी आल्या आणि पाटाकडे वाकल्या.

तेवढ्यात बया बोलली.

"आत्याबाई, थांबा. पाट काय सवाष्ण हाय व्हय?"

सासूबाईंचं बोट तसंच राहिलं.

"कुंकू कपाळाला लागतं. लावून घेत असतील तर बसू द्या की पाचांत. न्हाईतर आपल्यातली कुणी बसवा. लग्नाचं काम हाय, आपल्या धर्माचं हाय."

धर्माचं! ज्या बयेनं त्याच सकाळी दिवा लावायचा कंटाळा करून धाकट्या जावेला पिटाळलं होतं, तिच्या तोंडी धर्म.

"गप बस गं," सासूबाई म्हणाल्या, पण हळू. कारण दौंडची सासू मान डोलवत होती. "सूनबाई म्हणत्यात ते बी बरुबरच हाय म्हणा," ती म्हणाली. आता ते घर लेकीचं सासर होणार होतं. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा भाभीकडे, आणि त्यांचं तोंड मिटलं ते मिटलंच. मला आठवतं, कुंकवाचं बोट त्यांनी पदराला पुसलं.

भाभी उठली. हाताचं पीठ झटकलं. "येते, आई," एवढंच म्हणाली आणि पाट काखेत मारून पायऱ्या उतरून गेली.

वर मी बसले.

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून तिच्या मोठ्या जावेचा आवाज आला, आम्हाला ऐकू यावा असाच. "मैं बोली थी ना, नको जा करके! पाटकू कुंकू लगाते वो लोगां, और तू मुंडी हिलाती बैठती! अपने में चलता क्या ये?" 

दोनच दिवसांत गल्ली फाटली. भाभीच्या दिरानं माझ्या नवऱ्याला रस्त्यात अडवलं, तुमच्या घरात आमच्या बाईचा अपमान झाला म्हणून. माझा नवरा गरीब माणूस, तो "बायकांचं हाय, सोडा" म्हणाला, तर मागून आमच्याकडचे दोघं-तिघं पुढे झाले, "का सोडा?" म्हणून. नळावर आधी हंड्यांची एक रांग लागायची, आता दोन लागायला लागल्या. डाव्या बाजूला ते, उजव्या बाजूला आम्ही, आणि नळ बिचारा एकच. त्यांच्या बायका संक्रांतीला वाण घ्यायला यायच्या त्या आल्या नाहीत. आमच्याकडून दिवाळीचं ताट गेलं नाही.

आणि बयेचं काय चाललं होतं म्हणता? बया फुलली होती! आयुष्यात पहिल्यांदा तिला लोक विचारत होते. जिच्या शेवयांना म्हशीच्या दाव्याची उपमा मिळायची, तिला बायका म्हणत होत्या, "बोलावं तर तुमच्यावानी." टपरीवरची माणसं मला बघून बाजूला व्हायची, आदरानं. मला कुणी एकदाही विचारलं नाही, तुला नेमकं काय झोंबलं गं? धर्माचं नाव घेतलं की तो प्रश्नच कुणी विचारत नाही. ही सोय मला फार आवडली.

लग्नाच्या शेवयांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण खरं पाप तिथं आहे. पाट उसना आणलेला होता, आणि माझा हात तो माझाच. तार तुटायची. मिठानं कणकेला ताण येतो असं मी कुठून तरी ऐकलं होतं, म्हणून कुणाचं लक्ष नसताना मूठभर मीठ वरून घातलं, मग आणखी थोडं. शेवया झाल्या, रुखवतात मांडल्या, दौंडला गेल्या. लग्नानंतर नव्या सुनेच्या हातची पहिली खीर म्हणून नणंदेनं त्याच शेवया उकळत्या दुधात सोडल्या आणि पातेलंभर दूध नासलं. सगळं सासर ताटावर बसलेलं. रडत रडत तिनं निरोप पाठवला.

आमच्या ओसरीवर बायका पुन्हा जमल्या. कोपऱ्यावरच्या घरातली म्हणाली, "आसं आपोआप दूध नासतं व्हय? भिंतीला भिंत लागून हाय. काय टाकलं आसंल त्या पिठात, कोण बघायला गेलंय? राग धरला आसंल तिनं."

मला मीठ माहीत होतं. मुठीचं माप माहीत होतं. मी सुपारी कातरत राहिले.

एवढंच केलं मी. बोलले काहीच नाही. पण त्या उन्हाळ्यात भाभीला आमच्यातल्या एकाही घरानं शेवयांना बोलावलं नाही. इतकी वर्षं फाल्गुन लागला की तिला उसंत नसायची; आज या घरी, उद्या त्या घरी, परवा रामलिंगाच्या रस्त्याला कुणाच्या तरी मळ्यात. आता ती दुपारची दारात बसून असायची, तांदूळ निवडत. निवडलेलेच पुन्हा निवडत असावी. 'तिचा हात चांगला' म्हणणारी तोंडं आता 'तिचा हात बरा न्हाई' म्हणत होती. मी तेच तर मागितलं होतं देवाकडे. मिळालं.

वर्ष गेलं आणि ईद आली, उन्हाळ्याच्या तोंडावर.

त्या दिवशी सासूबाई पहाटेच उठल्या. खिरीचं पितळी पातेलं चिंचेनं घासून लखलखीत केलं. मग दार अर्धं उघडं ठेवून उंबऱ्याच्या आत बसल्या. हातात जपमाळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हता. बाहेर पावलं वाजली की मान वर व्हायची. दूधवाला झाला, पेपरवाला झाला.

स्वयंपाकघराच्या दारातून मी बघत होते. तुम्हाला वाटेल, मला पश्चात्ताप झाला. छे! माझ्या पोटात आग पडली. मी माहेरी महिना महिना राहून यायची, तेव्हा ही बाई माझ्यासाठी अशी कधी दाराकडे डोळे लावून बसली नव्हती. मी आले की म्हणायची, "आलीस? जनावराला पाणी दाव." भाभीला हाकलून मला वाटलं होतं, जागा रिकामी झाली की माझी होईल. जागा रिकामी झाली होती खरी, पण सासूबाई त्या रिकाम्या जागेकडेच बघत बसल्या होत्या.

बारा वाजले. शिधा आला नाही. त्यांनी दार लोटलं.

मी पुढे झाले. "आत्याबाई, मी करू का खीर? आपल्या शेवया हायत की डब्यात."

"नको. खारट हायत त्या."



"तुम्हाला... कवा कळलं?"

"त्याच दिशी. दौंडचा निरोप आला तवा डब्यातल्या उरल्या शेवया चाखल्या व्हत्या मी. बघत व्हते, तू कवा बोलतीस. वरीस झालं की गं."

"मग तुम्ही का न्हाई बोललात?" मी उलट त्यांच्यावरच गेले. चोरी पकडली की माझा आवाज चढतो, अजूनही.

त्यांनी माळ गुंडाळून डबीत ठेवली. "भ्याले. मुहूर्ताला बी आन् मागनं बी. लेकीचं सासर समोर बसलं व्हतं. बोलले असते तर म्हणले असते, ही मुसलमानाची बाजू घेतीया. तू जळत व्हतीस आन् मी भीत व्हते. मधल्या मधी तिला उठावं लागलं."

मला दहा वर्षांपासून एक विचारायचं होतं. ते तेव्हा बाहेर पडलं, अगदी पोरीसारखं रडत.

"तिच्यात असं काय हाय जे माझ्यात न्हाई?"

 प्रश्न त्यांनी टाळला नाही, एवढं मात्र मानलं पाहिजे.

"ती माझ्यासंगं वाद घालती. मी खारकांचं बी काढाया बसले तर म्हणती, आई, तुमचा हात कापतोय, द्या हिकडं. तू कवा माझ्या हाताकडं बघितलंस? तू माझ्या तोंडाकडं बघतीस, मी काय म्हणती ते. मग मी बी काय तरी म्हणती."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाभीच्या दारात गेले. पुढच्या दारानं, डोक्यावर पदर घेऊन, जशी कुणी कोर्टात जाते. ती खाली बसून तांदूळ निवडत होती. तिची मोठी जाऊ खाटेवर बसली होती; मला बघून तिनं तोंड फिरवलं, पण उठून गेली नाही. ऐकायचं होतं ना!

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "भाभी, त्या दिशी मी धर्माचं बोलले ते खोटं व्हतं. मला तुमच्या शेवयांचा राग येत व्हता."

तिनं सूप पाखडलं. "म्हाईत हाय."

"म्हाईत हाय?"

"तवाच कळलं मला. तुमी कोंबड्यांत बसून सराव करत व्हता, ते आमच्या गच्चीवरनं दिसत व्हतं की."

मला भुईनं गिळावं असं झालं. "मग गल्लीला का न्हाई सांगितलंत?"

आता तिनं सूप खाली ठेवलं. "काय सांगायचं वहिनी? घरी आले तर सगळ्यांनी इचारलं, काय झालं? म्हणलं, धरमाचा अपमान केला. सगळं घर उठून उभं ऱ्हायलं माझ्यासाठी. माझा दीर, जो माझ्यासंगं सहा-सहा म्हैने बोलत नव्हता, तो भांडाया गेला. शेवयांवरनं झालं म्हणले असते तर? हसले असते. परत जाऊन बस म्हणले असते. तुमाला मान पायजे व्हता, मग मला नको व्हय?"

म्हणजे आम्ही दोघींनी एकच लुगडं नेसलं होतं. तिला तिच्या बाजूचं, मला माझ्या बाजूचं. आत दोघींच्या अंगावर तोच चट्टा.

खाटेवरून मोठी जाऊ पुटपुटली, "मैं तो पैलेच बोली थी नको जा करके."

"तू जलती थी करके बोली," भाभी मान न वळवता म्हणाली. "तेरेकू कोई बुलातेच नै थे."

मोठी जाऊ फणकारून उठली आणि आत गेली. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! जगात बया एकटी नव्हती. भिंतीपलीकडेही एक होती, तिचा देव वेगळा, पोटातली आग तीच.

पण भाभी सोडणारी नव्हती. "माझ्या घरात येऊन बोललात, ते ठीक. पण माझ्या हाताचं नाव बाहेर खराब झालंय. मीठ तुमी घातलं ते नळावर सांगा."

"मीठ तुम्हाला कसं..."

"दूध कशानं नासतं वहिनी? मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?"

नळावर सांगायचं म्हणजे धिंड. माझ्या नावापुढे लागलेला सगळा मान मीच उतरवून हंड्यात बुडवायचा. दोन दिवस मी पाण्याला धाकट्या जावेला पाठवलं. तिसऱ्या दिवशी स्वतः गेले. दोन्ही रांगा भरलेल्या होत्या. हंडा खाली ठेवला आणि म्हटलं, "ऐका गं सगळ्याजणी. दौंडला दूध नासलं ते माझ्या मिठानं. भाभीनं काय केलं न्हाई. आन् मुहूर्ताला मी जे बोलले ते जळून बोलले. माझ्या शेवया जाड येत्यात म्हणून."

मला वाटलं होतं, हसतील. हसू द्या, म्हटलं होतं मनाशी. पण कुणी हसलं नाही. 

मग कोपऱ्यावरची माझ्याजवळ सरकली आणि कानाशी म्हणाली, "त्यांच्या माणसांनी दम दिला का तुम्हाला?"

"अगं न्हाई! मीच घातलं मीठ!"

"तुमी मनानं चांगल्या, म्हणून सोताच्या अंगावर घेताय," दुसरी म्हणाली. "मिठाचं आसंल. पण कुंकवाचं बोललात ते खरंच व्हतं."

डाव्या रांगेतून एकजण म्हणाली, "आता कायको बोलते? सालभर हमारी बदनामी हुई तब कां थे?" तेही बरोबरच होतं.

मी परत परत सांगत राहिले आणि माझ्याच हंड्यातून पाणी वाहून जात राहिलं. कुणाला माझा कबुलीजबाब नको होता. वर्षभरात त्या भांडणावर प्रत्येकानं आपापलं काहीतरी अडकवून ठेवलं होतं. कोपऱ्यावरचीचा मोरीच्या पाण्यावरून समोरच्या मुसलमान घराशी जुना वाद होता. आता ती मोरी धर्माची झाली होती. पलीकडच्या दोन शिंप्यांचं गिऱ्हाइकावरून फाटलं होतं. त्यातला एक हिंदू, एक मुसलमान. मी काडी लावली होती. विझवायला गेले, तर लोक गोल करून शेकत बसलेले.

पुढच्या उन्हाळ्यात भाभीला आमच्यातल्या दोन घरांनी बोलावलं. पूर्वी पंधरा बोलवायची. आमच्या घरी ती आली, सासूबाईंशी बोलली, ईदेला शिधाही पाठवला. पण नळावरच्या दोन रांगा घरोघरी नळ येईपर्यंत दोनच राहिल्या. चारेक वर्षांनी सासूबाई गेल्या. त्यांना शेवटची आंघोळ घालताना मी पहिल्यांदा त्यांच्या हाताकडे नीट बघितलं. बोटं वाकडी झाली होती.

दोन हजारच्या सुमाराला भाभीच्या मुलाला कुरकुंभच्या एका कंपनीत नोकरी लागली, पाळ्यांची, आणि ते सगळे दौंडला राहायला गेले. मलाही दौंडला जायला निमित्त होतंच, नणंद तिथं. दर उन्हाळ्यात नणंदेकडे म्हणून निघायचं आणि भाभीकडे चार दिवस काढायचे असं सुरू झालं. एसटी इनामगावच्या बाजूनं जाते. तिथं म्हणे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची घरं सापडली, खापरं सापडली, चुली सापडल्या. खिडकीतून तिकडे बघताना मला दर वेळी वाटतं, चुली होत्या म्हणजे शेजारणी होत्या. म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी गाडग्यात डोकावून जळत असणारच. त्यांचे देव कोणते होते कुणास ठाऊक, पण नाव तर देवाचंच घेतलं असेल.

एका वर्षी मला जायला आठवडाभर उशीर झाला. भाभीच्या इमारतीचा जिना चढून गच्चीवर गेले तर शेवया चालू झालेल्या. वर भाभी. खाली, जिथं मी बसायची तिथं, एक उंच, सडसडीत बाई. रेल्वेत नोकरीला होती, त्या दिवशी तिची सुट्टी. खालच्याच मजल्यावर राहायची; जिन्यातून येताना तिच्या दारावरचा पंचशीलाचा झेंडा मला दिसला होता.

मी बघत उभी राहिले. तिची तार एकदाही तुटत नव्हती. एवढी लांब ओढायची की मला वाटलं, आता हिचे हात संपतील. भाभी तिला काहीतरी सांगत होती, ती उलट बोलत होती, दोघी वाद घालत होत्या. आणि ज्या खालच्या जागेला बया एके काळी अपमान समजायची, त्याच जागेसाठी माझ्या छातीत कळ आली.

खोटं कशाला सांगू? त्या कळेपाठोपाठ मला तिच्या दारावरचा झेंडा आठवला. क्षणसुद्धा गेला नसेल. मनानं शोधायला सुरुवात केली: यांच्यात उपास नाहीत, यांच्यात मुहूर्त नाही, यांच्यात अमुक आणि यांच्यात तमुक. माझं वय पन्नाशीपार, दोन नातवंडांची आजी, आणि ती जुनी किल्ली मुठीत हजर. फक्त फिरवायची होती.

"या वहिनी, बसा," भाभी म्हणाली. "उशीर केलात. ही बघा कशी वढती."

"बघतीय," मी म्हटलं. मग त्या बाईकडे वळून म्हटलं, "मला तुमचा राग आलाय."

तिचे हात थांबले. "माझा? अहो ताई, आपण तर आत्ताच भेटतोय."

"तुमची तार तुटत न्हाई म्हणून. आन् तुम्ही तिथं बसलाय म्हणून."

भाभी हसली. या वेळी ओठात दाबलं नाही. खाटेवर अशी हसली की लोळी हातातून निसटून पाटावरून घसरत खाली आली.

रेल्वेवाली बाई मात्र हसली नाही. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मग थोडी बाजूला सरकली. "एवढंच ना? मग बसा इथं माझ्या शेजारी. एक तार तुम्ही, एक मी. पण काठी भरल्याशिवाय उठायचं नाही, आधीच सांगते."

मी बसले. ऊन कलेपर्यंत माझी तार सात वेळा तुटली. प्रत्येक वेळी त्या दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. आणि प्रत्येक वेळी मी जळायचे, दोघींच्या देखत.